मोबाइल चार्ज का होत नाही?

“भाऊ, बॅटरी नवी टाकली, तरी मोबाइल चार्ज होऊन नाही राहिला!”

अमरावती-अकोल्याकडे ही तक्रार आपल्या कानी येते. नवी बॅटरी आणायची, पेचकस घ्यायचा नि घरच्या घरी ती बसवायची. पैसे वाचतात हे खरे. पण पुढे अडले तर काय करावे? आज आपण तेच पाहू.

आधी वीज कशी येते ते समजून घेऊ. घरातली वीज असते २३० व्होल्टची. साधा चार्जर तिला ५ व्होल्टवर उतरवतो. मग ती वायरीतून मोबाइलच्या तोंडाशी येते. आतली एक लहान पट्टी तिला पुढे मुख्य पाटीकडे नेते. तेथून ती बॅटरीत साठते. शेतातल्या पाटासारखेच हे आहे. विहिरीला पाणी आहे, पण वाफ्यात येत नाही. मग आपण काय करतो? पाटाच्या कडेने चालत जातो नि कोठे फुटला ते पाहतो. येथेही तसेच करावे.

पहिली तपासणी बाहेरची. दुसरी वायर, दुसरा चार्जर, दुसरा प्लग लावून पाहा. पुष्कळदा दोष एवढाच असतो. बॅटरी अगदी रिकामी असेल, तर ती लगेच उठत नाही. अर्धा तास वाट पाहा.

दुसरी तपासणी तोंडाची. आपला मुलूख कापसाचा. खिशातला धागा, जिनातली रुई मोबाइलच्या तोंडात जाऊन बसते. मोबाइल बंद करा. लाकडी काडीने कचरा हलकेच काढा. सुई-टाचणी घालू नका.

तिसरी तपासणी आतली. मोबाइल बंद करून उघडा. आधी बॅटरीची जोडणी सोडवा. मग पट्टीची टोके काढून पुन्हा सरळ बसवा. नीट बसली की बोटाला कळते. बॅटरी शेवटी जोडा. स्क्रू ज्याचा त्याच जागी लावा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला, तर तो खालची पाटी फोडतो.

चौथी तपासणी बॅटरीची. ती आपल्याच मॉडेलची आहे ना? बॅटरी किती तापली, ही खबर मोबाइलला एका जोडणीतून मिळते. खबर मिळाली नाही, तर तो वीज घेत नाही. बॅटरी फार तापली तरीही घेत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा मोबाइल उन्हात किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. बॅटरी फुगली असेल, तर तेथेच थांबा. आम्हीही एकदा फुगलेली बॅटरी दाबून झाकण लावायला निघालो होतो. आईने हात धरला, म्हणून वाचलो. बॅटरीत पातळ थर असतात. दाबल्याने किंवा टोचल्याने ते एकमेकांना भिडतात नि क्षणात आग लागते. अशी बॅटरी चार्ज करू नये, पोरांच्या हाती देऊ नये. उकिरड्यावर किंवा चुलीत तर टाकूच नये. जाणत्या कारागिराकडे न्यावी. चार पैसे जातील, पण घर सुखरूप राहील.