हिरायामाने काम निवडले, आमच्यावर लादले

विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) पाहिला. टोकियोतला हिरायामा सार्वजनिक शौचालये साफ करतो. पहाटे उठतो, रोपांवर पाणी शिंपडतो, गाडीत कॅसेट लावतो, भांड्याखालची कड दिसावी म्हणून छोटा आरसा धरतो, दुपारी बाकावर बसून पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचा फोटो काढतो. बस, एवढेच. चित्रपट सुंदर आहे, हे मान्यच.

पण हिरायामाची बहीण ड्रायव्हरच्या गाडीतून येते आणि कळते, हा खात्यापित्या घरचा माणूस. हे काम त्याने स्वतः निवडलेले दिसते. आपल्याकडे झाडू कोणी निवडत नाही, तो जन्माबरोबर हातात दिला जातो. मग रोजच्या जगण्यातले सौंदर्य ही प्रस्थापितांचीच चैन समजायची काय?

मला तसे वाटत नाही, कारण चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). त्यातही कॅमेरा हलत नाही, घाई करत नाही. सरकारी वकील बाई लोकलमध्ये गप्पा मारतात, घरी येऊन स्वयंपाक करतात. आम्ही वकील मंडळी कल्याण-ठाणे लोकलला रोज हेच पाहतो. त्याच बाई लोकशाहिराला वीस वर्षे आत टाका म्हणून मोकळ्या होतात! शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले, २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

त्या चित्रपटात गटारसफाई कामगाराची विधवा साक्ष देते. नवरा आत उतरण्यापूर्वी खडा टाकायचा; झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. ती हे सपाट आवाजात सांगते, आणि कॅमेरा तिच्याकडे नुसता पाहत राहतो. वीस वर्षांच्या वकिलीत कुणा साक्षीदाराकडे मी एवढा वेळ पाहिले नसेल.

कायदा २०१३ चा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली, २०२३ मध्ये तीस लाख केली. मधल्या काळात, मे २०१९ मध्ये, ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाची सांडपाण्याची टाकी साफ करताना तिघे गेले. त्यांच्याकडे खडा तरी होता की नाही?

‘परफेक्ट डेज’ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत झाडणाऱ्या बाईंकडे प्रथमच थांबून पाहिले. कोपऱ्यातली धूळ त्या दोनदा काढत होत्या, अगदी मन लावून. अंगठ्याला चिंधी बांधली होती. हातमोजे नव्हते.