नॉर्मन ग्रान्झच्या अटी

लॉस एंजेलिसमध्ये बिली बर्ग नावाच्या गृहस्थाचा ट्रूव्हिल नावाचा क्लब होता. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतकारांच्या युनियनने नियम केला की, क्लबमधल्या नेहमीच्या वादकांना आठवड्यातून एक सुटी मिळालीच पाहिजे. त्या सुटीच्या रात्री काय करायचं, हा बर्गपुढचा प्रश्न होता. विशी-पंचविशीतल्या नॉर्मन ग्रान्झने तो सोडवला. ग्रान्झ युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातला. पुढे त्याने एमजीएम स्टुडिओत संकलनाच्या खात्यात नोकरी केली. स्वतः संगीतकार नव्हता, पण जॅझवेडा होता. ती मोकळी रात्र मला द्या, मी वादक आणतो, असं तो म्हणाला आणि सोबत अटी ठेवल्या.

पहिली अट म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांना दार उघडं हवं. बिली हॉलिडे ट्रूव्हिलमध्ये गात असे, पण तिच्या कृष्णवर्णीय मित्रांना तिचं गाणं ऐकायला आत सोडत नसत. त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं आपण पाहिलं, असं ग्रान्झ सांगत असे. दुसरी अट, वादकांना पैसे मिळाले पाहिजेत. 'जॅम सेशन' म्हणजे काम आटोपल्यावर हौसेने वाजवणं, त्याचे पैसे कशाला द्यायचे, असा क्लबवाल्यांचा सोयीस्कर समज होता. तिसरी, नाचाच्या जागेवर टेबलं मांडायची. लोकांनी बसून ऐकायचं. चौथी अट, कोण वाजवणार ते आधी जाहीर करायचं.

ग्रान्झने पुढे जे उभं केलं, त्याचा पाया या चार अटींत दिसतो, म्हणून त्या सविस्तर सांगितल्या. कलावंताचा मान तो भाषणातून मागत नव्हता. तो मान व्यवहाराच्या कागदावर असायला हवा, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

२ जुलै १९४४ रोजी त्याने लॉस एंजेलिसचं फिलहार्मोनिक सभागृह घेतलं. स्लीपी लगून खून खटल्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांना अन्यायाने शिक्षा झाल्या होत्या. त्यांच्या बचावनिधीसाठी हा कार्यक्रम होता. मंचावर पियानोला नॅट किंग कोल, गिटारवर लेस पॉल, टेनर सॅक्सोफोनवर इलिनॉय जॅकेट आणि ट्रॉम्बोनवर जे. जे. जॉन्सन. जाहिरातीत 'जॅझ कॉन्सर्ट अ‍ॅट द फिलहार्मोनिक ऑडिटोरियम' हे लांबलचक नाव मावेना, म्हणून ते 'जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक' एवढंच राहिलं. पुढे त्या सभागृहाचे दरवाजे या मैफलींना बंद झाले, पण नाव देशभर फिरत राहिलं.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण सैन्याच्या रेडिओ सेवेने केलं होतं. ते ऐकताना ग्रान्झला त्यात धंदा दिसला आणि संगीतही दिसलं. तेव्हाच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं संगीत मावे. स्टुडिओत वादक त्या हिशेबानेच वाजवत. मैफलीतला सोलो मात्र वाढत जातो, श्रोते ओरडून दाद देतात आणि त्या दादेवर वादक आणखी चढतो. ग्रान्झने हे सगळं, लोकांच्या आरडाओरड्यासकट, विकायला काढलं. एकच धून तबकड्यांच्या अनेक बाजूंवर पसरली तरी त्याला चाललं. जिवंत मैफलीच्या रेकॉर्डला बाजार आहे, हे त्याने कंपन्यांना करून दाखवलं. मग त्याची स्वतःची लेबलं आली, आधी क्लेफ, मग नॉरग्रान आणि १९५६ साली व्हर्व.

यातून एक चक्र तयार झालं. दौऱ्याने रेकॉर्ड खपत, रेकॉर्डमुळे पुढच्या दौऱ्याची तिकिटं खपत, आणि आलेल्या पैशातून तो ज्यांना फारसा बाजार नव्हता अशांची ध्वनिमुद्रणं करी. पियानोवादक आर्ट टेटमला त्याने १९५३ पासून स्टुडिओत बसवून शंभराहून अधिक एकल तुकडे वाजवून घेतले. टेटम १९५६ साली वारला. ही खटपट झाली नसती, तर त्या हातांची केवढी दौलत कायमची गेली असती!

समीक्षक मात्र त्याच्यावर नाराज असत. दोन सॅक्सोफोनवाल्यांना झुंजवून टाळ्या काढणं त्यांना सवंग वाटे. काही रेकॉर्ड ऐकल्यावर मलाही त्यांचं म्हणणं पटतं. पण त्याच मंचावर लेस्टर यंग, चार्ली पार्कर, बिली हॉलिडे यांना संगीतसभेची जागा मिळाली आणि सभेला साजेसं मानधनही. प्रवास चांगल्या वर्गाने आणि मुक्काम चांगल्या हॉटेलात, ही ग्रान्झची पद्धत होती. करारात कलम असे की, श्रोत्यांची वर्णानुसार वेगळी बैठक होणार नाही. ते मान्य नसेल तर कार्यक्रम रद्द.

७ ऑक्टोबर १९५५ला ह्यूस्टनमध्ये या कलमाची परीक्षा झाली. म्युझिक हॉलमधल्या स्वच्छतागृहांवरच्या गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी लावलेल्या पाट्या ग्रान्झने काढायला लावल्या. शेजारी कोण बसलंय यावरून कुणी तक्रार केली, तर पैसे परत मिळतील, जागा बदलून मिळणार नाही, असं सांगितलं. दोन खेळ होते. मधल्या वेळात साध्या वेशातले पोलीस गायिका एला फिट्झगेराल्डच्या खोलीत घुसले. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि जॅकेट फासे खेळत होते, एला 'पाय' नावाचं पक्वान्न खात कॉफी पीत होती. एक पोलीस स्वच्छतागृहाकडे वळला, तेव्हा तो तिथे अंमली पदार्थ ठेवील, या शंकेने ग्रान्झ त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पोलिसाने त्याच्या पोटाला पिस्तूल लावलं. जुगाराच्या आरोपाखाली एला, तिची मदतनीस, गिलेस्पी, जॅकेट आणि ग्रान्झ अशा पाच जणांना ठाण्यावर नेलं. जामीन माणशी १० डॉलर. दुसरा खेळ ठरल्याप्रमाणे झाला. दहा डॉलर सोडून देऊन मोकळं होता आलं असतं. ग्रान्झने दोन हजारांहून जास्त डॉलर खर्चून खटला लढवला आणि आरोप रद्द करून घेतले.

तोवर तो एलाचा मॅनेजरही झाला होता. आयोजकाचा संबंध एका रात्रीपुरता, मॅनेजरचा वर्षानुवर्षांचा. १९५४ साली ऑस्ट्रेलियाला जाताना एला आणि तिच्या सहकाऱ्यांना पहिल्या वर्गाची तिकिटं असूनही होनोलुलूत पॅन अ‍ॅमच्या विमानात चढू दिलं नाही. त्याबद्दल कंपनीवर दावा लागला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. गाण्याच्या बाबतीतही ग्रान्झने दिशा बदलली. आधीच्या कंपनीत एलाच्या वाट्याला बरीच किरकोळ गंमतगाणी येत. त्याने तिच्यापुढे एकेका गीतकार-संगीतकाराची गाणी ठेवली. १९५६चं कोल पोर्टर साँगबुक हे त्यातलं पहिलं. १९६४ पर्यंत एलिंग्टन, गर्श्विन, बर्लिन असे आठ संच झाले. जॅझ न ऐकणाऱ्या घरांतही एला पोचली ती यामुळे. त्याने तिला दौऱ्यांवर फार राबवलं, असंही मला वाटतं.

ऑस्कर पीटरसन हा त्याचा दुसरा मोठा माणूस. १९४९ साली माँट्रियलमध्ये टॅक्सीत बसलेल्या ग्रान्झने रेडिओवर पियानो ऐकला. ही रेकॉर्ड नाही, अल्बर्टा लाउंजमधून थेट चाललंय, असं चालकाने सांगताच त्याने गाडी तिकडे वळवायला लावली. त्याच सप्टेंबरात पीटरसन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. अमेरिकेत काम करण्याचा परवाना नव्हता, म्हणून त्याला श्रोत्यांत बसवून तिथून मंचावर बोलावलं!

ग्रान्झबद्दल वाचताना मला मुंबईतले गोव्याचे वादक आठवतात. ताजसारख्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हे पुढे हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत गेले. तिथे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे स्वरलेखन जाणणारे अरेंजरही होते. गाण्यांचा वाद्यमेळ या मंडळींनी बांधला. पडद्यावर त्यांचं नाव कधी सहायक म्हणून आलं, पुष्कळदा आलंच नाही. त्यांच्या बाजूने निर्मात्यासमोर बसून, नाव कुठे आणि केवढ्या अक्षरांत येणार, हे लिहून घेणारा कुणी नव्हता. जॅझचे आयोजक मात्र मुंबईला लाभले. निरंजन झवेरींच्या पुढाकाराने १९७८ साली धोबी तलावच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली आणि सॉनी रॉलिन्ससारखा दिग्गज तिथे वाजवून गेला.

१९६०च्या अखेरीस ग्रान्झने व्हर्व एमजीएमला विकली. तोवर तो स्वित्झर्लंडला राहायला गेला होता. १९७२ साली सांता मोनिकातल्या एका मैफलीत त्याने एला आणि बँडप्रमुख काउंट बेसीला एकत्र आणलं आणि तिची रेकॉर्ड टपालाने विकली. ती चांगली खपली, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याने नवं लेबल काढलं. नाव ठेवलं पाब्लो, मित्र पिकासोच्या नावावरून. त्यावर पीटरसन, बेसी, गिटारवादक जो पास, एला सगळे पुन्हा वाजू-गाऊ लागले. १९८७च्या सुमारास तेही त्याने विकलं. एलाचं काम मात्र ती गाणं थांबवेपर्यंत तोच पाहत होता.