रिपोर्ट आला, पण पाहिला कुणी?

माणूस इस्पितळातून घरी न्यायचं म्हटलं, की आपली नुसती धांदल! बिल भरायचं, डबे-थर्मास आवरायचे, रिक्षा बोलवायची. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर माझंही तसंच झालं. आदल्या संध्याकाळी सिस्टर त्यांचं रक्त घेऊन गेल्या होत्या. कशासाठी, हे काही मी विचारलं नाही.

घरी दोन पावलं चालल्या तरी त्यांना धाप लागे. "अगं, अशक्तपणा गं, दुसरं काय!" त्या म्हणत, आणि मी आपली मऊ भात भरवत राहिले. बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. फाइल चाळता चाळता डॉक्टर एकदम थांबले. हृदयाला इजा झाल्याचं सांगणारा तो रिपोर्ट मधल्याच कुठल्याशा पानाला टाचलेला होता. कुणी पाहिलाच नव्हता!

औषधं सुरू झाली, आज त्या बऱ्या आहेत. पण ते बारा दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

या तपासणीला 'ट्रोपोनिन' म्हणतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की हे प्रथिन रक्तात उतरतं. ते वाढायला काही तास लागतात, म्हणून पुन्हा एकदा रक्त घेतात. पहिला रिपोर्ट किंवा कार्डिओग्राम चांगला आला, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

"छातीत दुखलं असतं तर कळलं नसतं का?" असं मलाही वाटे. पण हृदयाखेरीज इतर ऑपरेशनं झालेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एकवीस हजारांवर रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या हृदयाला इजा झाली होती, त्यांतल्या शंभरातल्या ९३ जणांना तसा काही त्रास जाणवलाच नव्हता. वेदनाशामक औषधांखाली दुखणं झाकलं जातं, ते असं.

आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही हं! २००५ साली अमेरिकेतल्या दोन इस्पितळांची पाहणी प्रसिद्ध झाली. २,६४४ रुग्णांपैकी १,०९५ जणांचे काही ना काही रिपोर्ट ते घरी गेल्यावर आले होते.

तेव्हा रक्त नेलं की लगेच विचारा, "कसली तपासणी? रिपोर्ट कधी मिळेल?" वहीत टिपून ठेवा. डिस्चार्जच्या वेळी कोणते रिपोर्ट यायचे राहिलेत, ते कार्डावर लिहून मागा आणि चौकशीचा फोन नंबरही घ्या. डॉक्टर घाईत असतात, आपल्याला संकोच वाटतो; तरी विचारायचंच. घरी आल्यावर धाप, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं यांतलं काही झालं, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा. फाइल मात्र बरोबर न्या.