सतार विमानातून नेताना

मिरजेच्या शिकलगारांचे पूर्वज मुळात हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तसे फरीदसाहेब 19व्या शतकात वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, आणि मिरजेची सतार घडू लागली. 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही सतार परदेशी न्यायची तर भीती विमानाची नाही, सामान चढवण्या-उतरवण्याची. तिचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वाळला की हलका, पण ठिसूळ. एका धक्क्यात तडकतो. दुसरी कच्ची जागा दांडी आणि भोपळ्याचा सांधा. म्हणून तारा थोड्या सैल कराव्यात, सगळ्या काढू नयेत. दांडीखाली मऊ कापडाच्या घड्या द्याव्यात. पेटी हलवून पाहावी. आत सतार हलली तर घड्या कमी पडल्या. कापडी खोळ घरापुरती ठीक, विमानाला फायबरची कडक पेटीच हवी. ईटसारख्या गावाहून निघणाऱ्याला विमानतळाआधी एसटीचे खड्डेही आहेतच! ‘नाजूक’ अशी चिठ्ठी लावावी, पण तिच्या भरवशावर राहू नये.

पेटी बंद करण्यापूर्वी फोटो काढावेत. सामान हाती येताच तिथेच उघडून पाहावे. तडा दिसला तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीकडे लेखी नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत द्यावी लागते. भरपाईला मर्यादा असते. वाद्य महागडे असेल तर सामान सोपवतानाच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरता येते.