कवडी: समुद्रातले घर, माणदेशातल्या बैलाच्या गळ्यात

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही समुद्रातली एक वस्तू इथे गावोगावी सापडते. खरसुंडी किंवा पुसेगावच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलांचा साज विकायला येतो, त्यात घुंगरमाळा आणि गोंड्यांबरोबर कवड्यांच्या माळाही असतात. बेंदराला त्या बैलाच्या गळ्यात चढतात, मग बैल पाटलांच्या दावणीचा असो की मुलाण्यांच्या. बोलण्यात तर कवडी रोजचीच. भाव पडला की टोमॅटो कवडीमोल, आणि खिसा रिकामा असला की जवळ फुटकी कवडी नाही.

कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचे घर. या प्रजातीचे शास्त्रीय नाव मोनेटारिया, तेही नाण्याच्या लॅटिन शब्दावरूनच पडलेले. तिच्यातल्या दोन जाती चलन म्हणून चालल्या. एक पिवळसर, कडेला टेंगळे असलेली. दुसरी पाठीवर नारिंगी कडे असलेली. दोन्ही साधारण इंचभर किंवा त्याहून लहान.

लहानपणी हिचा शंख पातळ आणि गुंडाळीदार असतो, आपल्या बांधावरच्या गोगलगायीसारखा. वाढ पूर्ण होताना तोंडाची कड आत वळते, जाड होते, फटीच्या दोन्ही बाजूंना दात उमटतात आणि गुंडाळी झाकली जाते. मग कवडीची लांबी वाढत नाही, फक्त जाडी वाढते. चकाकीचे कारण आम्हाला सर्वांत गमतीचे वाटले. जिवंतपणी या जिवाच्या अंगाची मऊ झालर दोन्ही बाजूंनी वर येऊन शंख झाकते आणि त्यावर बाहेरूनही थर चढवते. म्हणून पॉलिश न करताही कवडी काचेसारखी गुळगुळीत असते.

टणक, जवळपास एकसारखी, मोजायला सोपी आणि नकली करायला अवघड! टांकसाळीशिवायच नाणे तयार झाले. इब्ने बतूता 1343 च्या सुमारास मालदीवला पोहोचले आणि तिथे काजी झाले. त्यांनी लिहून ठेवले आहे की समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावर खड्ड्यांत ठेवत, आतले मांस नाहीसे होई आणि पांढरे कवच उरे. मालदीवचे लोक त्या देऊन बंगालचा तांदूळ घेत. तिथे एका सोन्याच्या दिनारला चार लाख कवड्या मिळत, भाव पडला की बारा लाखांपर्यंत. पुढे आफ्रिकेत माली देशात त्यांना हाच भाव दिसला दिनारला 1,150! जिथे पिकते तिथे मोल नाही, हे कांदा पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नंतर युरोपच्या व्यापाऱ्यांनी जहाजे भरभरून कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून गुलाम विकत घेतले. ज्या वस्तूला आपण क्षुल्लक म्हणतो, तिच्यात माणसाची किंमत ठरत होती. इकडे ओडिशात कंपनी सरकारने कवडीऐवजी चांदीच्या रुपयात सारा मागितला. 1817 च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे होती, त्यांत हेही एक होते.

आता घरातली गोष्ट. नजर लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या गळ्यात किंवा कमरेला कवडी बांधण्याची रीत आपल्याही काही घरांत आहे. हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या, मुसनद अहमदमधल्या हदीसमध्ये तावीजाबरोबर कवडीचेही नाव घेऊन ती लटकवण्याबद्दल सक्त नापसंती आहे. आजी-नानींनी प्रेमापोटीच बांधलेली असते, म्हणून सांगताना सुनेने आवाज चढवू नये एवढेच. शिवाय गळ्यातला दोरा आवळू शकतो आणि निसटलेली कवडी बाळ तोंडात घालते. ती घशात अडकण्याएवढीच असते.

जुन्या कवड्या घरात असतील तर साध्या पाण्याने धुवाव्यात. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. कवच चुन्याचे असल्याने चकाकी कायमची जाते. बाजारात हल्ली प्लास्टिकच्याही मिळतात. त्या हलक्या असतात, आणि माळेतल्या सगळ्यांचे दात हुबेहूब सारखे निघतात.