संगणक म्हातारा झाला नाही, टपाल साचले आहे!

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा अशा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी गेलात, तरी कचेऱ्यांच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने दिसतातच. २००१ साली राज्यात एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम सुरू झाला. तो शिकून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींनी कर्ज काढून, प्रसंगी आईचा दागिना मोडून असा एखादा संगणक मांडला. त्या एका यंत्रावर घरची चूल चालते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस असावा, दाराशी विद्यार्थ्यांची रांग असावी आणि नेमका त्याच वेळी संगणक अडून बसावा, हा अनुभव या धंद्यातल्या कोणालाही नवा नाही. अर्ज राहिला तर दुकानदाराची मजुरी बुडते, पण त्या मुलाचे आख्खे वर्ष पणाला लागते.

मग कोणीतरी सल्ला देतो, "मशीन जुने झाले, नवे घ्या." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारा." वाचक बंधू-भगिनींनो, दोन्हींपैकी काहीही करण्याआधी थोडे थांबा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे तर होत नाही ना?

प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो आणि डिस्कला किती राबवतो, हे तेथे दिसते. जेथे ई-मेल दिवसभर उघडी असते, तेथे पुष्कळदा आऊटलूकचे नाव वर आढळते. तसे असेल तर दोष यंत्राचा नव्हे, साचलेल्या टपालाचा आहे.

हे घडते कसे? आऊटलूक आपले टपाल संगणकातच एका मोठ्या फाइलमध्ये साठवते. तिला पीएसटी फाइल म्हणतात. जुन्या आवृत्त्यांत ही फाइल २ जीबीपर्यंतच वाढू शकत असे. २००३ च्या आवृत्तीपासून ती मर्यादा २० जीबी आणि २०१० च्या आवृत्तीपासून ५० जीबी झाली. परंतु मर्यादा वाढली म्हणून यंत्राचे बळ वाढत नाही. ग्राहकांनी पाठवलेले फोटो, स्कॅन केलेले दाखले, गुणपत्रिका असे सारे वर्षानुवर्षे त्या एकाच फाइलमध्ये पडत राहते. प्रोग्राम उघडताना, पत्र शोधताना तोच डोंगर उपसावा लागतो. शिवाय पत्र पुसले तरी फाइल लगेच लहान होत नाही. वहीतल्या मजकुरावर काट मारली, तरी पान वहीतच राहते, तसेच हे.

आता उपाय. पुढील रीत जुन्या वळणाच्या, म्हणजे 'क्लासिक' आऊटलूकसाठी आहे.

पहिले काम प्रत काढण्याचे. 'फाइल', त्यात 'अकाउंट सेटिंग्ज', त्यात 'डेटा फाइल्स' येथे गेल्यास ती फाइल कोठे ठेवली आहे ते कळते. आऊटलूक पूर्ण बंद करावे आणि त्या फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरे काम झाडलोटीचे. पत्रे आकारानुसार लावावीत, म्हणजे सर्वांत जड पत्रे वर येतात. हवी ती जोडपत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करून पत्रे पुसावीत. नंतर 'डिलीटेड आयटम्स' रिकामे करावे. मग त्याच 'डेटा फाइल्स'मधील 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'कॉम्पॅक्ट नाऊ' दाबावे. रिकामी पाने वहीतून निघतात ती या वेळी. यास बराच वेळ लागतो, म्हणून हे काम दुकान बंद करताना करावे. मध्येच वीज गेली तर फाइल बिघडू शकते. तेव्हा यूपीएस चालू आहे ना, हे आधी बघावे. थंडरबर्ड वापरणाऱ्यांनीही पत्रे पुसल्यावर फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावेत. तेथेही तोच न्याय.

तिसरे काम जोडकामांचे. कंट्रोल बटण दाबून धरून आऊटलूक उघडले की ते 'सेफ मोड'मध्ये उघडायचे का, असे विचारते. तसे उघडून ते चपळ चालले, तर दोष बहुधा 'अ‍ॅड-इन्स'चा, म्हणजे त्याला चिकटलेल्या उपप्रोग्रामांचा आहे. 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन ते एकेक बंद करून पाहावेत. फाइलच बिघडली असेल, तर आऊटलूकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन आहे. तेही प्रत काढल्यावरच चालवावे.

फॉरमॅटची घाई का नको, हेही समजून घ्या. 'पॉप' पद्धतीने टपाल घेतले जात असेल, तर पत्रे सर्व्हरवरून संगणकात उतरतात आणि तशी व्यवस्था ठेवलेली असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. मग ती पत्रे जगात एकाच ठिकाणी उरतात, आपल्या पीएसटी फाइलमध्ये. फॉरमॅटबरोबर तीही जातात. दुरुस्तीवाल्याला यंत्र देताना "माझी पीएसटी फाइल आधी काढून ठेवा" एवढे एक वाक्य बजावून सांगावे.

एवढे करूनही संगणक रेंगाळत असेल, तर मात्र यंत्राकडे वळावे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर बऱ्याच जुन्या संगणकांना नवी उमेद येते आणि नव्या यंत्राच्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. टपाल झाडून वेग वाढेल. सुरक्षितता वाढणार नाही. तो विचार वेगळा करावा.

शेवटी एक गोष्ट, वेगाहून मोठी. त्या साचलेल्या टपालात कोणाचे आधार कार्ड आहे, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या मुलीचा फोटो आणि बँकेचे पासबुक. गावातल्या माणसांनी विश्वासाने हातात दिलेले हे कागद आहेत. काम झाल्यावर ते वर्षानुवर्षे पडून राहावेत, ही त्यांची इच्छा नव्हती. म्हणून महिन्यातून एक संध्याकाळ या झाडलोटीला द्या. आपला संगणक हलका होईल आणि लोकांचा विश्वासही सांभाळला जाईल.