भिंतीवरची ती जाहिरात पुन्हा लावा!

‘रस्त्याकडेला नवजात अर्भक सापडले, निर्दयी मातेचा शोध सुरू’. असे मथळे आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. मूल सापडले की आईचा शोध सुरू होतो. बापाचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. जणू ते मूल त्या बाईने एकटीनेच जन्माला घातले! आम्हाला आज त्या मथळ्याच्या मागे काय असते, ते पाहायचे आहे.

रायगड जिल्ह्यातले कासू घ्या. पनवेल-रोहा रेल्वेवर पेण आणि नागोठण्याच्या मधले हे स्टेशन. शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पेण-रोह्याच्या या पट्ट्यात कातकरी-ठाकरांच्या वाड्या आहेत, बौद्धवाड्या आहेत. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे पोटासाठी वीटभट्ट्यांवर जातात. समजा, इथल्या एखाद्या मुलीला कोणी लग्नाचे वचन दिले. तिला दिवस गेले आणि वचन देणारा जात पुढे करून मोकळा झाला. घरात सांगायची सोय नाही, दवाखान्यात गेले तर गावभर होईल ही भीती. नऊ महिने तिने पोट लपवले. आता मूल जन्मले. तिने करायचे काय?

कायद्याने तिच्यासाठी एक दार ठेवले आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 35 सांगते की, हाताबाहेरच्या शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल वाढवणे अशक्य असेल, तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या हवाली करता येते. समिती चौकशी करते, आईला समजावून घेते आणि लेखी नोंद करते. नंतरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या मुदतीत आईला मूल परत मागता येते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते, बापाच्या सहीवाचून काही अडत नाही. अशा मुलाचे नाव-गाव-फोटो छापायला कायद्याची मनाई आहे.

आता दुसरी बाजू पाहा. तेच मूल कोणी झुडपात सोडून दिले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल तेच, आई तीच, अडचणही तीच. एका वाटेने गेली तर मूल जगते आणि आई सुटते. दुसऱ्या वाटेने मूल मरते आणि आई तुरुंगात जाते. या दोन वाटांमध्ये फरक एकाच गोष्टीचा, माहितीचा! आणि ती माहिती गरिबाच्या घरापर्यंत कोणी पोचवलेली नाही.

ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळली होती. पुण्यात एका ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. समाजाने तिला दोष दिला. महात्मा जोतीराव फुल्यांनी तिला दोष दिला नाही. 1863 साली त्यांनी आणि सावित्रीमाईंनी आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी शहरातल्या भिंतींवर जाहिराती लावल्या. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल नेणे किंवा ठेवणे तुमच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय होता. ज्या जातीने त्यांचा छळ केला, त्याच जातीच्या लेकींसाठी हे दार उघडले होते.

1884 साली जोतीरावांनी सक्तीच्या वैधव्यावर लिहिलेल्या टिपणात या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांची फक्त पाच मुले जगली. तीस मुले दगावली, कारण दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली होती. दार उघडे असूनही त्या उशिरा पोचल्या. म्हणून दार उघडे असणे पुरत नाही, ते वेळेवर ठाऊक असावे लागते. त्याच गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने 1874 साली दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रुग्णसेवा करीत प्राण सोडला, तेव्हा यशवंतही त्याच कामात होता. टाकून दिले गेले असते असे ते मूल!

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. मूल हवाली करणे हा शेवटचा उपाय आहे. गरिबीमुळे आईचे मूल सुटणे हा न्याय नव्हे. जिला मूल ठेवायचे आहे, तिच्या पाठीशी उभे राहणे हे आपले पहिले काम. लग्नाबाहेरच्या मुलाची पोटगी बापाकडून वसूल करण्याची सोय कायद्यात आहे, ती वापरा. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेही सांगा. 1938 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रश्न मांडायला लावला, तो बाईच्या जिवाची किंमत ओळखूनच. आणि ‘मूल द्या, पैसे घ्या’ म्हणणारा दलाल दारात आला तर सावध व्हा. मुलाची विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे.

मग करायचे काय? आधी आपल्या गावच्या स्टेशनावर, एसटी थांब्यावर, दवाखान्यात जाऊन बघा. ही माहिती देणारी एक तरी पाटी दिसते का? नसेल तर सरकारची वाट बघू नका. बुद्धविहारांनी, महिला मंडळांनी मोठ्या अक्षरांत फलक लावावा: ‘मूल टाकू नका. 1098 वर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीही चालतो.’ हे वाडीवरच्या बायकांना तोंडी सांगा, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. बेवारस मूल सापडले तर त्याच नंबरावर किंवा पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवा, आणि मोबाईलवर त्याचे फोटो फिरवू नका.

जोतीरावांचे फोटो आपण भिंतीवर लावतो. त्यांनी भिंतीवर जे लावले होते, तेही एकदा लावू या.